टाकीची तारीख तुला पाठ पाहिजे

गाडी घ्यायची ठरली, निम्मं कर्ज तुझ्या बचत गटातून निघणार, आणि गॅसवरची, म्हणजे सीएनजीची, घ्यावी की पेट्रोलवरची हे तू मला विचारलंस, याचाच आधी आनंद झाला बघ. आपल्याकडे गाडीचा विषय निघाला की बायका चहा ठेवायला उठतात. हप्ता मात्र दुधाच्या आणि शिलाईच्या पैशांतून जातो, आणि पुढे गाडी बंद पडली की बोलही आपल्यालाच लागतो. म्हणून फोनवर घाईघाईत न सांगता नीट बसून लिहिते आहे. आमच्याकडे गॅसवरची गाडी बरीच वर्षं आहे, रोज घाट चढते-उतरते, आणि तिचा हिशेब माझ्याच वहीत असतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. घ्या. शेगावात राहून भाविकांची ने-आण करायची, महिन्याला दोन-तीन हजार किलोमीटर गाडी पळवायची, तर आज गॅसइतकं परवडणारं दुसरं काही मला दिसत नाही. फक्त एक अट आहे आणि ती मी तुला घालते आहे, जावईबापूंना नाही. गाडी ते चालवतील, चांगलीच चालवतील. पण टाकीचे कागद, पंपाची चौकशी आणि रोजचा हिशेब तुझ्या हातात राहू दे. गॅसची गाडी तशी गुणाची असते, तिला लक्ष ठेवणारं माणूस मात्र लागतं. रात्री दमून आलेल्या माणसाकडून ते लक्ष राहत नाही.

आधी पैशाचं बोलू. मारुतीच्या इकोला कंपनी गॅसवर किलोला २६.७८ किलोमीटरचा ॲव्हरेज सांगते. तो आकडा कागदावरचा. आपल्या रस्त्यांवर, एसी लावून, माणसं आणि सामान भरून तू २० धर. पेट्रोलवर तीच गाडी १५ देईल असं धर. पेट्रोल १०५ रुपये लिटर मानलं तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. गॅस ९० रुपये किलो मानला तर साडेचार. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे अडीच रुपये हातात राहतात. तुमच्याकडच्या पंपाचा त्या दिवशीचा भाव घालून हेच गणित पुन्हा कर, पद्धत तीच. महिन्याला ३००० किलोमीटर झाले तर साडेसात हजार सुटतात. गॅसच्या गाडीला पेट्रोलच्या गाडीपेक्षा जे नव्वद हजार-लाखभर जास्त मोजावे लागतात, ते असे वर्ष-सव्वा वर्षात भरून येतात. पण एखाद्या घरची गाडी आठवडी बाजार आणि लग्नकार्यापुरतीच बाहेर पडत असेल, महिन्याला पाच-सहाशे किलोमीटरच होत असतील, तर तेच पैसे वसूल व्हायला निदान पाच वर्षं लागतील. अशा घराला मी पेट्रोलचीच घ्या म्हणते. तुमची गोष्ट वेगळी आहे, तुमची गाडी रोज चुलीला हातभार लावणार आहे.

यात एक चांगली गोष्ट झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल-सीएनजी गाडीचं इंजिन १२०० सीसीच्या आत, अशी अट आहे. इको त्यात बसते. दुसरा पर्याय अर्टिगाचा, ती बसत नाही, लांबीलाही जास्त आणि इंजिनानेही. हे लक्षात ठेवून दोघींची किंमत शेजारी शेजारी लिही. मात्र माणसांचा विचारही कर. कंपनीतून गॅस बसवून येणारी इको पाच आसनी असते. मागे जिथे सामान ठेवायचं तिथे टाकी बसलेली. चालक सोडला तर चार माणसं, आणि त्यांच्या बॅगा वर कॅरिअरवर. सहा-सात जणांचं कुटुंब दर्शनाला येतं, त्यांना एकाच गाडीत बसवायचं असेल तर अर्टिगाशिवाय गत्यंतर नाही. तुमच्याकडे स्टेशनवर जास्त करून कोण उतरतं, म्हातारा-म्हातारी आणि लेक-जावई, की अख्खं खटलं, हे तुम्ही रोज बघता. त्यावरून ठरव. पाच आसनी गाडीत आठ जण कोंबायचे आणि भागवायचं, हा हिशेब मांडूच नको. टाकीचं वजन आधीच गाडीवर असतं, त्यात जास्तीची माणसं आली की ब्रेक उशिरा लागतो.

गॅसचा भाव कायम असाच राहील हेही गृहीत धरू नको. २०२२ च्या मार्चमध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला होता, देशात सगळ्यात महाग. तिथे तो वाहिनीतून येत नव्हता, द्रवरूप गॅस टँकरने आणून त्याचा सीएनजी केला जायचा, आणि रशिया-युक्रेन युद्धामुळे बाहेरचे भाव भडकले होते. १ एप्रिल २०२२ पासून राज्याने गॅसवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. पुढे एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने देशातल्या गॅसच्या किमतीचं सूत्र बदललं, तेव्हा आणखी दिलासा मिळाला. देशाला लागणारा जवळजवळ निम्मा गॅस आपण बाहेरून आणतो, तेव्हा भाव वर-खाली होणारच. म्हणून हप्ता ठरवताना आजच्या बचतीतला पुरा पैसा हप्त्यात घालू नको. किलोमीटरला अडीच सुटतात तर दीडच सुटतो असं समजून हप्ता बांध.

आता पंपाचं. इथेच आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या गाडीवाल्यांची खरी परीक्षा असते. पुण्या-मुंबईसारखे जागोजागी पंप आपल्याकडे नाहीत, म्हणून गाडीआधी पंप बघायचा. नुसता "पंप आहे" एवढ्यावर समाधान मानू नको, तिथे गॅस कसा येतो ते विचार. काही पंप थेट वाहिनीवर असतात. काही पंपांवर तो ट्रकवर रचलेल्या नळकांड्यांतून येतो, त्याला कॅस्केड म्हणतात, आणि अशा पंपाला डॉटर स्टेशन. ट्रक नुकताच आलेला असला की दाब भरपूर असतो आणि टाकी नीट भरते. ट्रक रिकामा होत आला की दाब उतरतो, आणि आठ किलोच्या जागी पाचच किलो जातो. ट्रक यायला उशीर झाला की रांग रस्त्यावर येते. म्हणून पंपावरच्या पोरांशी ओळख ठेव, ट्रक किती वाजता येतो ते विचारून घे. जावईबापूंच्या फोनमध्ये त्या पंपाचा नंबर पाहिजे आणि तुझ्याही.

तुला माहीत असेल, गेल कंपनीची मुंबई–नागपूर–झारसुगुडा गॅसवाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेकडेने आपल्या जिल्ह्यातून गेली आहे. लोक म्हणतात, आता काय, गॅसच गॅस. तसं लगेच होत नसतं. मोठ्या वाहिनीतून गावाकडे छोटी वाहिनी यावी लागते, पंपावर कॉम्प्रेसर बसावा लागतो, मग ट्रकची वाट बघणं संपतं. ते होईल तेव्हा होईल. गाडी आज आहे त्या पंपाच्या भरवशावर घ्यायची.

तू घाटाखाली, मी घाटावर. हा फरक आपण बोलण्यात मानतो, गाडीलाही तो मानावा लागतो. तुमच्याकडे उतरलेलं कुटुंब आधी गजानन महाराजांचं दर्शन घेतं आणि मग विचारतं, लोणारचं सरोवर दाखवता का, येताना सिंदखेड राजाला जिजाऊंचं जन्मस्थान होईल का. शेगाव, खामगाव, मेहकर, लोणार, तिथून सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, चिखली आणि परत खामगाववरून शेगाव, ही फेरी अडीचशे किलोमीटरच्या वर सहज जाते. गाडीच्या टाकीत साठ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते, पण गॅस भरतो तो आठ-नऊ किलो. आठ गुणिले वीस म्हणजे १६०. म्हणजे परतीच्या वाटेवर कुठेतरी टाकी रिकामी होणार आणि तो पंप कुठे आहे हे निघतानाच ठाऊक पाहिजे. नाही तर उरलेली वाट पेट्रोलवर. भाडं ठरवताना त्या उरलेल्या वाटेचे पैसे धरलेस का, एवढं मला सांग. बहुतेक जण धरत नाहीत, गाडी गॅसची म्हणून सगळी फेरी गॅसच्या भावाने सांगून बसतात, आणि मग महिनाअखेरीला बचत गेली कुठे ते कळत नाही.

पेट्रोलची टाकी कधीही कोरडी ठेवायची नाही, हे तर नियमच समजायचं. मारुतीची गाडी सुरू होते ती पेट्रोलवर, थोडी तापली की आपोआप गॅसवर जाते. टाकीत पेट्रोलच नसेल तर सुरू करताना त्रास, आणि इंधनाचा पंपही खराब होतो. दहा-बारा लिटर कायम असू दे, आणि आठवड्यातून एकदा काही अंतर मुद्दाम पेट्रोलवर चालव, म्हणजे जुनं पेट्रोल साचून राहत नाही.

घाटात गॅसची गाडी जरा जड जाते. हा काही बिघाड नाही. इकोचं इंजिन पेट्रोलवर साधारण ८१ पीएस ताकद देतं, गॅसवर साधारण ७२. शिवाय टाकीचं पन्नास-साठ किलोंच्या वरचं ओझं. बोथ्याचा घाट असो की राजूरचा, माणसं भरलेली असतील तर आम्ही पायथ्यालाच बटण दाबून पेट्रोलवर घेतो, वर आलो की पुन्हा गॅसवर. चार पैसे जास्त जातात, पण इंजिनाची ओढाताण होत नाही आणि मागून येणाऱ्या ट्रकपुढे गाडी रखडत नाही. गॅसवर इंजिन जास्त तापतं, म्हणून कूलंट, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग यांत कंजूषी करायची नाही. पेट्रोलच्या गाडीला एखादा प्लग जुना झाला तरी ती चालून जाते. गॅसवर लगेच झटके देते. आणि जावईबापू म्हणतील, "गॅसच खराब आहे." आधी प्लग बघा म्हणावं.

उन्हाळ्याचं एक सांगते, त्यावरून पंपावर रोज भांडणं होतात. मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो. त्या उन्हात गॅस तापून फुगलेला असतो, थोडक्या गॅसवरच टाकीतला दाब २०० बारपर्यंत पोहोचतो आणि मशीन भरणं थांबवतं. हिवाळ्यात आठ किलो घेणारी टाकी भर दुपारी सहा-साडेसहावरच भरली असं दाखवते. लोक म्हणतात पंपवाल्याने मारलं. मीटर किलोवर चालतो, जेवढा गॅस गेला तेवढ्याचेच पैसे लागतात, त्यात फसवणूक नाही. पल्ला मात्र कमी होतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री उशिरा भरायचं. रांगही तेव्हा लहान असते.

भरताना तू एकदा स्वतः उभी राहून बघ. गाडी बंद, चावी काढलेली, सगळी माणसं खाली उतरून बाजूला. म्हातारी असो, लेकरू झोपलेलं असो, उतरायचं म्हणजे उतरायचं, आणि मोबाइल खिशात. मुलगा आधी तोंडावरचं झाकण काढतो. ते झाकण दोरीला बांधलेलं असतं, तुटलं की लोक तसंच सोडून देतात आणि आपल्या रस्त्याची सगळी माती आत जाते. ते हरवू देऊ नको. आत एक रबराची बारीक कडी असते, पोरं तिला ओ-रिंग म्हणतात. ती झिजली की नळी लावताना फुसफुस होते. दहा-वीस रुपयांची वस्तू, लगेच बदलून घ्यायची. मग नळी बसते, कॉक फिरतो, किलोचा आकडा आधी भराभर पळतो, शेवटी रेंगाळतो आणि थांबतो. नळी काढताना एकदाच "फुस्स" होतं, तो नळीतला उरलेला गॅस, त्याला घाबरायचं नाही. पण नळी काढून झाकण लावल्यावरही आवाज येत राहिला, तर गाडी सुरू करू द्यायची नाही.

भीतीचं तू अर्धवट बोलून थांबलीस, पण मला कळलं. आपल्या जिल्ह्यात १ जुलै २०२३ ची रात्र कुणी विसरलेलं नाही. समृद्धीवर सिंदखेड राजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस उलटली, पेटली आणि २५ जीव गेले. तेव्हापासून आग म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि गॅसची गाडी म्हटलं की तीच रात्र आठवते. पण बाई, ती बस डिझेलवरची होती. गाडीत जळणारं इंधन असतंच, ते कोणतंही असो. त्या रात्री माणसांना बाहेर पडायला वाट मिळाली नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं. म्हणून इकोचे दोन्ही सरकते दरवाजे आतून सहज उघडतात की नाही हे दर आठवड्याला बघ. दरवाजाला टेकून बॅगा रचू देऊ नको, आणि आग विझवायचं छोटं नळकांडं चालकाच्या हाताशी असू दे, सीटखाली पोत्यात गुंडाळलेलं नको.

गॅसचा स्वभाव मात्र ओळखून ठेव. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा जवळजवळ निम्म्या वजनाचा. उघड्यावर गळला तर वर उडून जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. म्हणून गाडी पत्र्याच्या बंद खोलीत लावणार असाल तर भिंतीला वरच्या बाजूला झरोका ठेवा, गॅस गळला तरी छताशी कोंडून राहायला नको. मिथेनला स्वतःचा वास नसतो, पण मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. गाडीत तो वास आला तर काय करायचं हे दोघांनीही पाठ करा. आधी मोकळ्या जागेत बाजूला घेऊन गाडी बंद करायची, माणसं उतरवायची, काचा-दरवाजे उघडायचे, टाकीवरचा हाताने फिरवायचा कॉक बंद करायचा. दिवा, पंखा, कशाचंही बटण दाबायचं नाही, काडी तर नाहीच. तो कॉक कुठे आहे ते गाडी ताब्यात घेतानाच दाखवून घे आणि स्वतःच्या हाताने एकदा बंद-चालू करून बघ. घरी शंका आली तर साबणाचं पाणी जोडावर लावायचं, बुडबुडे आले की गाडी थेट सर्व्हिस सेंटरला. जोड आपण आवळायचा नाही. त्या नळीत २०० बार दाब असतो, टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट.

आणि गाडी नवी असताना कुणी वायरी कापू देऊ नको. मोठा हॉर्न, रंगीत दिवे, दणदणीत स्पीकर, यासाठी मूळ वायरिंग सोलून जोड देतात, वर नुसती चिकटपट्टी. गॅसच्या गाडीत एखादी ठिणगी पुरते. गाणी ऐकायची तर कंपनीचा टेप आहे तेवढा पुरे.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते सांगते. टाकी. गाडीच्या या टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी करून घ्यावी लागते, तसा गॅस सिलिंडर नियमांतच दंडक आहे. हे नियम बघणारं पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्याच विदर्भात, नागपूरला आहे. तिला सगळे पेसो म्हणतात. पेसोची मान्यता असलेल्या केंद्रावर टाकी गाडीतून काढतात, आत पाणी भरतात, आणि चालू दाबाच्या दीडपटीहून जास्त, ३३० बारच्या वर दाब देऊन ती किती ताणते आणि पुन्हा मूळच्या मापाला येते का ते बघतात. आतून गंज, बाहेरून खड्डा, सगळं तपासलं जातं. मग तारीख कोरून किंवा पट्टीवर घालून देतात. गाडीत टाकीशेजारी ती छोटी पट्टी असते, तिच्यावर टाकीचा नंबर, बनवल्याचा महिना-वर्ष आणि पुढच्या चाचणीची तारीख. मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेव आणि घरच्या दिनदर्शिकेवर, गॅसबुक आणि वीजबिलाच्या तारखा लिहितेस तिथेच, हीही लिही.

चाचणी केंद्र तालुक्या-तालुक्याला नसतं. गाडी एखादा दिवस अडकते, कधी दोन. म्हणून लोक टाळतात. "अजून तर चांगली आहे टाकी", "कोण बघतंय". आमच्या ओळखीतल्या एका घरात तारीख उलटून किती काळ गेला हेच कुणाला सांगता आलं नाही, कारण पट्टीवर सीट कव्हर शिवून टाकलं होतं. वरून टाकी रंगवलेली दिसते, आत काय झालं ते डोळ्यांना दिसत नाही. तू तारखेच्या महिनाभर आधी नंबर लाव, गर्दीचे दिवस टाळ. प्रकट दिनाच्या किंवा ऋषिपंचमीच्या तोंडावर गाडी केंद्रावर अडकली तर घरात कुरकुर होणार आणि चाचणी पुढे ढकलली जाणार. पावसाळ्यातली रिकामी तारीख पकड.

जावईबापूंच्या मनात एक दुसराही विचार आहे, असं तू बोललीस. जुनी पेट्रोलची व्हॅन स्वस्तात घ्यायची आणि बाहेरून किट बसवायचं. त्यात वाईट काही नाही, पण चुकायला जागा फार. किट त्या गाडीच्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त पाहिजे, बसवणारा अधिकृत पाहिजे, टाकी नवी आणि तिचं प्रमाणपत्र हातात पाहिजे. मग आपल्या परिवहन कार्यालयात जाऊन आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजीची नोंद करून घ्यायची, आणि विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत किट चढवून घ्यायचं. किटच्या किमतीवर थोडा जास्तीचा हप्ता पडतो, तो भरायचा. या दोन नोंदी नसतील तर अपघातानंतर भरपाई मागायला गेल्यावर कंपनी हात वर करू शकते. कुठल्याशा भंगारातल्या गाडीची टाकी काढून अर्ध्या पैशात बसवून देणारे भेटतात. आमच्याकडेही एक जण तसं सांगत आला होता. टाकीचा नंबर आणि चाचणीचा कागद मागितला, तो पुन्हा फिरकला नाही. एवढा एकच प्रश्न विचारायचा, आवाज न चढवता.

स्वयंपाकाच्या लाल टाकीतला गॅस गाडीत भरून चालवणारेही तुला दिसतील, विशेषतः जुन्या व्हॅनवाल्यांमध्ये. त्या वाटेला कधी जाऊ देऊ नको. तो गुन्हा तर आहेच, पण मोटारीने तो गॅस घरच्या घरी ओढून घेताना जो गळतो तो जड, गाडीच्या तळाशी बसून राहतो. त्याच गाडीत मग शाळेची पोरं बसवतात. असा कुणी तुमच्या ओळखीत असेल तर वाईटपणा आला तरी चालेल, बोल.

पाटीचंही ठरवून टाका. भाडं मारायचं तर पिवळी पाटी, परवाना आणि चालकाचं चालू लायसन्स. पांढऱ्या पाटीवर कर कमी वाटतो, त्यातही १ जुलै २०२५ पासून खासगी सीएनजी गाड्यांचा एकरकमी कर राज्याने एका टक्क्याने वाढवला आहे. पण पैशाचा प्रश्न बाजूला ठेव. पांढऱ्या पाटीत भाविक बसवले आणि काही झालं, तर विमा हातचा जातो आणि त्या माणसांपुढे तुम्ही उघडे पडता. देवाच्या दारी आलेली माणसं आहेत ती.

एक वेगळीच गोष्ट, जाता जाता. शेणाचा, साखर कारखान्याच्या मळीचा, शेतातल्या काडीकचऱ्याचा वायू शुद्ध करून दाबून भरला की तोही याच गाडीत चालतो, टाकीला फरक कळत नाही. केंद्राने २०१८ मध्ये त्यासाठी सतत नावाची योजना आणली, आणि २०२५-२६ पासून गॅस कंपन्यांना आपल्या गॅसमध्ये असा वायू मिसळणं ठरावीक टक्केवारीने बंधनकारक केलं आहे, सुरुवात १ टक्क्याने. आपल्याकडे कपाशी उपटल्यावर पऱ्हाटी बांधावर पेटवून देतात, तो धूर बघितला की मला हे आठवतं. दादाच्या कानावर घाल, त्याला अशा गोष्टींत रस आहे.

तर आता असं कर. बुकिंगची रक्कम भरण्याआधी तीन कामं. एक दिवस पहाटे आणि एक दिवस दुपारी तुमच्याजवळच्या पंपावर जा आणि रांग, दाब, भाव बघून ये. मागच्या तीन महिन्यांत तुमच्या ओळखीच्या गाडीवाल्याने किती फेऱ्या मारल्या, त्यात लोणारच्या किती आणि नुसत्या खामगाव-अकोल्याच्या किती, ते विचार, त्यावरून किलोमीटर काढ. आणि शोरूममध्ये गेलात की रंग आणि सीट कव्हर ठरवण्याआधी मागचा दरवाजा उघडायला लावून टाकी, कॉक आणि ती पट्टी दाखवा म्हणायचं. विक्रेता जावईबापूंकडे बघून बोलेल. तू प्रश्न विचारत राहा, दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला तो तुझ्याकडे वळतो.

गाडी तुझ्या नावावर घ्या. बचत गटाचं कर्ज तुझ्या सहीने निघतं, परतफेड तुझ्या वहीत होते, मग आरसीवरही तुझं नाव असू दे. हे मांडताना वाद घालायचा नाही, सरळ सांगायचं की कर्जाचे आणि गाडीचे कागद एका नावावर असले की पुढे सोपं जातं. जावईबापू समजूतदार आहेत, नाही म्हणायचे नाहीत. अवघड वाटलं तर मला सांग, सही करायच्या दिवशी मी सकाळच्या एसटीने शेगावला येते. येण्याआधी तेवढा पंपाचा भाव मला कळव, म्हणजे हप्त्याचं गणित मी इथूनच मांडून आणते.